बाकावरची पोटदुखी: ग्रामीण रुग्णालयातील प्राधान्यक्रमाचा एक प्रकरण अभ्यास

ऑगस्टमधल्या एका पहाटे अठ्ठावीस वर्षांची एक शेतमजूर स्त्री पोटदुखी आणि उलटीची तक्रार घेऊन ग्रामीण रुग्णालयात आली. तिची नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन मोजले गेले, तिला इंजेक्शन दिले गेले आणि त्यानंतर तासभर ती कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर बसून राहिली. त्या तासात तिचे श्वसनाचे स्नायू हळूहळू निकामी होत होते. त्या पाळीचा वैद्यकीय अधिकारी मी होतो. ती वाचली, त्यामुळे या प्रकरणाची कोठेही चौकशी झाली नाही. रुग्ण दगावला तरच चूक तपासायची ही आपल्याकडची सवय मला घातक वाटते, म्हणून रुग्णाची आणि रुग्णालयाची ओळख पटेल असे तपशील वगळून हे प्रकरण येथे सविस्तर मांडत आहे.

रुग्णालय आणि ती पहाट

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा हा तालुका भाताचा. रोपलागण आटोपली की भांगलण सुरू होते आणि वाड्यावस्त्यांवरची माणसे दिवसभर चिखलात राबून रात्री दमून जमिनीवरच अंथरूण टाकतात. रुग्णालय तीस खाटांचे आहे. रात्रपाळीला एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक कक्षसेवक, सफाईच्या एक मावशी आणि फाटकावर एक सुरक्षारक्षक एवढेच मनुष्यबळ असते, आणि प्रसूती चालू असली की त्यातली एक सिस्टर व डॉक्टर दोघेही तिकडे अडकतात. त्या दिवशी आठवडा बाजार होता. बाजाराच्या दिवशी पहिल्या एसटीने येणारी माणसे खरेदीआधी दवाखाना उरकून घेतात, त्यामुळे साडेसहापासूनच केसपेपरच्या खिडकीसमोर रांग लागली होती.

मी पावणेसहापासून प्रसूतिगृहात होतो. बाळाचे डोके बराच वेळ अडकून होते आणि मला तिथून हलता येण्यासारखे नव्हते. कॅज्युअल्टीत एकच सिस्टर होत्या. माझ्या अनुपस्थितीत सहा वीस ते सहा पंचावन्न या पस्तीस मिनिटांत त्यांच्यासमोर चार रुग्ण आले.

पहिली ही पोटदुखीची स्त्री. तिच्याबरोबर सासू आणि धाकटी जाऊ होती. दुसरा एक एकोणीस वर्षांचा तरुण, मोटारसायकलवरून घसरलेला, डोक्याला चार इंच लांबीची जखम, शर्ट छातीपर्यंत रक्ताने भिजलेला आणि सोबत दहाबारा आप्त. तिसरे दम्याचे बासष्ट वर्षांचे आजोबा, ज्यांना एका श्वासात दोन शब्दांपलीकडे बोलता येत नव्हते. चौथे दीड वर्षाचे नऊ किलो वजनाचे बाळ, दोन दिवस जुलाब झालेले, आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेले.

सिस्टरांनी जे केले ते आधी नोंदवले पाहिजे, कारण पुढे चुकांचीच चर्चा होणार आहे. आजोबांना त्यांनी आल्याबरोबर ऑक्सिजन आणि नेब्युलायझर लावला. तरुणाच्या जखमेवर घट्ट दाबपट्टी बांधून रक्त थांबवले. आणि रांगेत सर्वांत मागे उभ्या असलेल्या त्या बाळाला त्यांनी स्वतः उठून पुढे आणले. बाळ रडत नव्हते, आईही गप्प होती, रांगेतल्या कोणीही त्यांना वाट दिली नव्हती. सिस्टरांनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती सपाट व्हायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला. डोळे खोल गेलेले, बाळ सुस्त. त्यांनी मला प्रसूतिगृहाच्या दारातून हाक मारून सांगितले, मी तोंडी आदेश दिला, आणि शीर मिळवून रिंगर लॅक्टेट या सलाईनचे पहिले दोनशे सत्तर मिलिलिटर अर्ध्या तासात देण्यास त्यांनी सुरुवातही केली. मुलांच्या तातडीच्या तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जी पद्धत बसवली आहे तिचे प्रशिक्षण त्यांना मिळाले होते, आणि गप्प पडलेले बाळ हे धोक्याचे बाळ हे त्या प्रशिक्षणाने त्यांच्या हाडीमाशी भिनवले होते.

गप्प बसलेल्या मोठ्या माणसाबद्दल असे काही आम्हाला कोणी शिकवले नव्हते. या प्रकरणाचे मर्म मला येथेच दिसते.

केसपेपरवर काय लिहिले होते

स्त्रीचा केसपेपर मी नंतर अनेकदा वाचला आहे. वेळ सहा पंचवीस. तक्रार: पहाटे तीनपासून पोटात दुखणे, दोन उलट्या. नाडी १०४, रक्तदाब १३० वर ८४, ऑक्सिजन ९८ टक्के, ताप नाही, श्वासगती १८, शुद्धीवर, नीट बोलते. त्याखाली माझ्या सांगण्यावरून दिलेले पॅन्टोप्राझोल हे आम्लपित्तावरचे आणि उलटी थांबवण्याचे इंजेक्शन. समासात एक शब्द: ‘गॅस’.

या कागदावरच्या प्रत्येक आकड्याचे थोडे परीक्षण करणे आवश्यक आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाउन येथे विकसित झालेली एक गुणपद्धती जगातल्या अनेक अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयांत वापरली जाते. तिच्यात चालणे, श्वासगती, नाडी, वरचा रक्तदाब, तापमान, शुद्ध आणि इजा या सात गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात, आणि बेरजेवरून रुग्णाला लाल, नारिंगी, पिवळा किंवा हिरवा रंग देतात. लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी म्हणजे दहा मिनिटांत, पिवळा म्हणजे तासाभरात, हिरवा म्हणजे चार तासांत डॉक्टरांनी पाहायचे. आमच्याकडे तेव्हा ही पद्धत नव्हती. मी नंतर तिच्या कागदाला ती लावून पाहिली. जावेच्या आधाराने चालत आली याचा एक गुण, श्वासगतीचा एक, नाडीचा एक, एकूण तीन. रंग पिवळा. म्हणजे अगदी शास्त्रशुद्ध पद्धत असती तरीही तिला तासभर थांबवण्याची मुभा मिळाली असती, आणि नेमक्या त्याच तासात तिच्या पापण्या खाली आल्या.

श्वासगतीच्या त्या १८ या आकड्यावरही माझा विश्वास नाही. आपल्याकडच्या केसपेपरांवर श्वासगती एक तर १८ असते किंवा २०. घड्याळ लावून मिनिटभर छातीकडे पाहत बसायला रात्रपाळीत कोणाला सवड नसते, आणि रकाना रिकामा ठेवायचा नसतो. मी स्वतः शिकाऊ असताना हेच केले आहे. नाडी आणि ऑक्सिजन यंत्र दाखवते म्हणून ते आकडे खरे असतात. श्वास माणसालाच मोजावा लागतो, म्हणून तो अंदाजाने लिहिला जातो, आणि गुणपद्धतीत सर्वाधिक बोलका ठरणारा आकडा नेमका तोच असतो.

सात पाच ते सात पंचवीस

सात वाजून पाच मिनिटांनी प्रसूती सुखरूप झाली आणि मी कॅज्युअल्टीत आलो. आजोबांची श्वासगती ३४ आणि ऑक्सिजन ८६ टक्के होता. त्यांना हायड्रोकॉर्टिसोन दिले, पुन्हा नेब्युलायझर सुरू केला. बाळाचे सलाईन व्यवस्थित चालू होते. आईला कसे आणि किती पाजायचे ते समजावले. येथपर्यंतचा क्रम बरोबर होता.

त्यानंतर मी त्या तरुणाच्या जखमेला टाके घालायला बसलो, आणि ही माझी चूक होती. तो पूर्ण शुद्धीवर होता, उलटी नव्हती, बाहुल्या समान होत्या, नाडी ९२ होती, दाबपट्टीखाली रक्तस्राव थांबलेला होता. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे लहान जखमही भयंकर दिसते, हे मला पक्के ठाऊक होते. ते टाके आणखी तासभर थांबू शकत होते. पण दारात दहाबारा माणसे ओरडत होती, एकाने मोबाइलवर चित्रीकरण सुरू केले होते, आणि आवाज बंद करण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणून मी सुई-दोरा हातात घेतला. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डोमिनिक जाँ लारे यांनी जखमींची प्रतवारी करताना हुद्दा पाहायचा नाही, जखमेची गंभीरता पाहायची, असा दंडक घातला होता. आमच्या रुग्णालयात हुद्द्याची जागा आवाजाने घेतली आहे. ज्याच्यामागे माणसे जास्त, त्याची जखम मोठी.

टाके घालायच्या खोलीत जाण्या-येण्याचा मार्ग त्या बाकावरूनच आहे. वीस मिनिटांत मी तिच्यासमोरून तीनदा गेलो. एकदा मी तिच्याकडे पाहिलेही. डोळे मिटून भिंतीला टेकून बसली होती, आणि इंजेक्शनने बरे वाटून झोप लागली असावी असे मला वाटले.

चूक लक्षात आली ती सफाईच्या मावशींमुळे. त्या फरशी पुसत बाकापर्यंत आल्या होत्या. सासूने सुनेला पाण्याचा घोट दिला, तो नाकातून बाहेर आला आणि हनुवटीवरून लाळेची तार ओघळली. मावशींनी फडके तिथेच टाकले आणि खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या, “डॉक्टर, त्या पोरीला पानी गिळंना झालंय. आदी तिला बगा.”

मी बाकापाशी गेलो आणि “ताई, काय होतंय?” असे विचारले. तिने माझ्याकडे पाहण्यासाठी पापण्या उचलल्या नाहीत. तिने हनुवटी वर केली, कपाळाला आठ्या घातल्या आणि अर्धवट झाकलेल्या बुबुळांच्या खालच्या फटीतून, जणू दाराखालच्या उजेडातून पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. पापणी उचलणारे स्नायू दुबळे झालेला रुग्ण नेमका असाच पाहतो. आवाज नाकात गेला होता. “डोळं जड झाल्यात,” एवढेच ती म्हणाली.

सासूबाईंना मी विचारले, “आजी, रात्री ही कुठं झोपली होती?”

“खालीच की वं. आमी तिघीबी सोप्याला खालीच निजतो. तीनच्या सुमाराला पोटात कळ आली म्हणून उठली.”

“काही चावल्यासारखं वाटलं का?”

“न्हाई बा. तसं काय बोलली न्हाई.”

जमिनीवरचे अंथरूण, पावसाळा, मध्यरात्रीनंतर सुरू झालेली पोटदुखी, उलटी, दंशाची जाणीव नाही, आणि आता झुकलेल्या पापण्या. हा मण्यारचा दंश होता. काही भागांत तिला कांडर म्हणतात.

निदान आणि उपचार

मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, आणि तिचे दात इतके बारीक असतात की बऱ्याचदा जाग येत नाही आणि खूणही सापडत नाही. घोणस किंवा फुरसे चावल्यावर सूज येते, जागा दुखते, रक्त येते, त्यामुळे नातेवाईक स्वतःच साप म्हणून सांगतात. मण्यारच्या रुग्णाला अनेकदा फक्त पोट दुखते, घसा दुखतो किंवा अंग मोडल्यासारखे वाटते, आणि पक्षाघाताची लक्षणे काही तासांनी उतरू लागतात: आधी पापण्या, मग बुबुळांची हालचाल, मग गिळणे व बोलणे, मग मान, आणि शेवटी श्वास. आम्ही तिचे हातपाय चांगल्या उजेडात शोधले. खूण मिळाली नाही. दिराला फोन करून अंथरूण काठीने झटकायला सांगितले. साप मिळाला नाही. खूण नाही आणि साप नाही, तरीही निर्णय घ्यायचा होता, आणि लक्षणे पाहता त्याबद्दल शंका उरली नव्हती.

सात पंचवीसला मी घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजले: २६, उथळ. नाडी ११४. ऑक्सिजन ९७ टक्के. छतावरच्या पंख्याकडे सलग पाहायला सांगितल्यावर काही सेकंदांतच पापण्या पूर्ण मिटल्या. उशीवरून डोके उचलून धरता आले नाही. एका श्वासात एकपासून आकडे मोजायला सांगितले तेव्हा ती चौदापर्यंत पोहोचली. निरोगी माणूस सहज तिशीच्या पुढे जातो. ऑक्सिमीटरवरचा ९७ हा आकडा या सगळ्याशी विसंगत वाटतो, पण तो तसा नाही. फुप्फुसे निरोगी होती, ती हलवणारे स्नायू थकत होते. अशा रुग्णाचा ऑक्सिजन शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे ऑक्सिमीटर पाहून निश्चिंत होणारा माणूस फार उशिरा जागा होतो.

यानंतर आमच्या हातून वेळ वाया गेला नाही. सर्पविषावरील प्रतिविषाच्या दहा व्हायल, म्हणजे औषधाच्या कुप्या, काढल्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालणारे हे एकच औषध आपल्याकडे मिळते. भुकटी पाण्यात विरघळवताना व्हायल जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून ती तळहातांत हळूहळू फिरवावी लागते. मावशींना हात धुवायला लावून दोन व्हायल मी त्यांच्याही हातात दिल्या, कारण दहा व्हायल फिरवायला माणसे कमी पडत होती. प्रतिविषाची रिॲक्शन आली तर हाताशी असावे म्हणून ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवले. दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवले. ते नीट गोठले, म्हणजे घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय दूर झाला. प्रतिविष सुरू झाल्यावर विसाव्या मिनिटाला अंगावर गांध्या उठल्या आणि थंडी वाजू लागली. ते थांबवून मांडीत अर्धा मिलिग्राम ॲड्रेनॅलिन दिले, लक्षणे ओसरल्यावर पुन्हा सुरू केले. ॲट्रोपिनसह निओस्टिग्मिन या स्नायूंची ताकद वाढवणाऱ्या औषधाची एक मात्रा देऊन पाहिली. नागाच्या विषात ती पुष्कळदा उपयोगी पडते, कारण ते विष स्नायूवरची ग्रहणस्थाने अडवते. मण्यारचे विष मुख्यतः मज्जातंतूची टोकेच निकामी करते, त्यामुळे फरक पडेल ही आशा थोडी होती, आणि पडलाही नाही.

एका श्वासातले आकडे चौदावरून नवावर आले, नवावरून सहावर. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते. जी टोके आधीच निकामी झाली ती परत उगवायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस रुग्णासाठी कोणीतरी श्वास घ्यावा लागतो. आठ चाळीसला मी श्वासनलिकेत नळी टाकली. दिवसपाळीचे डॉक्टर आले होते, त्यांच्याकडे रुग्णालय सोपवून मी स्वतः १०८ च्या रुग्णवाहिकेत बसलो. जिल्ह्याचे ठिकाण साठ किलोमीटरवर, रस्ता वळणांचा आणि पावसाने उखडलेला. रुग्णवाहिकेतील डॉक्टर आणि मी आळीपाळीने अंबू बॅग, म्हणजे नळीतून श्वास देणारी हाताने दाबायची पिशवी, दाबत होतो. निम्म्या वाटेत तिची बोटेही हलेनाशी झाली, बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देईनाशा झाल्या, आणि जाऊ “गेली, गेली” म्हणून आक्रोश करू लागली. मी तिला सांगितले, “वहिनी, ती गेलेली नाही. तिला ऐकू येतंय. तिच्याशी बोला.” मण्यारच्या दंशात रुग्ण पूर्ण लुळा पडून मेंदू मृत झाल्यासारखा दिसू शकतो, आणि तरीही आतून जागा असू शकतो. बरी झाल्यावर तिने जावेला जावेचेच त्या वेळचे शब्द सांगितले: गाय कुणी पिळली, मुलगा शाळेत गेला का, हे सगळे तिने ऐकले होते.

ती सहा दिवस व्हेंटिलेटरवर होती आणि बाराव्या दिवशी चालत घरी गेली.

चूक नेमकी कोठे झाली

सिस्टरांकडे बोट दाखवणे सोपे होते आणि दोघातिघांनी ते दाखवलेही. माझा त्याला विरोध आहे. त्यांनी सहा पंचवीसला केलेली तपासणी त्या वेळच्या लक्षणांना धरून होती. तेव्हा पापण्या झुकलेल्या होत्या असे सासूही म्हणत नाही. एका माणसाने चार रुग्ण सांभाळले आणि त्यातले दोन, आजोबा व बाळ, योग्य क्रमाने उचलले. चूक त्यानंतरच्या तासात आहे, जेव्हा तिच्याकडे पुन्हा कोणीच पाहिले नाही. प्रतवारी म्हणजे दारात एकदा मारायचा शिक्का, असे आम्ही नकळत धरून चाललो होतो. सात पंचवीसचे आकडे त्याच गुणपद्धतीत घातले तर श्वासाचे दोन, नाडीचे दोन, आधाराने चालण्याचा एक, असे पाच गुण होतात आणि रंग नारिंगी येतो. सातच्या सुमारास, आजोबांचा नेब्युलायझर लावता लावता, कोणी तिचे श्वास पुन्हा मोजले असते तर पापण्यांकडे न पाहताही ती वर सरकली असती.

दुसरी गोष्ट इंजेक्शनची. रुग्णाला एकदा काहीतरी टोचले की तो आमच्या मनात ‘पाहिलेला’ होतो. नातेवाईकही निर्धास्त होतात आणि पुढे विचारायला येत नाहीत. मी प्रसूतिगृहातून, रुग्णाला न पाहता, ‘पोटदुखी’ या एका शब्दावर ते इंजेक्शन सांगितले होते. त्या आदेशाने तिच्यावर उपचार झाला असा भास निर्माण झाला. ‘गॅस’ हा समासातला शब्दही माझ्याच तोंडचा आहे.

तिसरी गोष्ट रांगेची. आमच्याकडे रुग्णाला पहिल्यांदा पाहतो तो केसपेपर करणारा कर्मचारी. नाव, वय, गाव आणि तक्रारीचा एक शब्द एवढे लिहून घेऊन तो क्रमांक देतो, आणि त्याला कोणीही प्रशिक्षण दिलेले नसते. प्रत्यक्षात पहिली प्रतवारी तोच करत असतो, फक्त ती वैद्यकीय प्रतवारी आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ते बाळ रांगेत सर्वांत मागे राहिले होते ते त्यामुळेच.

भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा २०२० साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास २००० ते २०१९ या काळात सुमारे बारा लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज देतो. त्यातले निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णालयाबाहेर झालेले. रुग्णालयात वेळेवर पोहोचणे ही एवढी अवघड गोष्ट असताना ही स्त्री पहाटे सहा वीसला आमच्या दारात येऊन पोहोचली होती. प्रतिविष तिच्या बाकापासून वीस पावलांवरच्या फ्रिजमध्ये होते.

त्यानंतर केलेले बदल

केसपेपरच्या खिडकीच्या आधी आम्ही एक टेबल आणि एक खुर्ची मांडली. तिथे बसणारा माणूस कागद करण्याआधी प्रत्येक रुग्णाकडे पाहतो, श्वास घड्याळ लावून मोजतो आणि खांद्याला रंगीत कापडी पट्टी टाचणीने लावतो. पट्टीवर वेळ लिहिलेली असते, आणि पिवळ्या पट्टीच्या रुग्णाला अर्ध्या तासाने पुन्हा पाहून दुसरी वेळ लिहायची असते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत रात्री सुरू झालेली पोटदुखी, उलटी, घसादुखी किंवा अंगदुखी घेऊन आलेल्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारतो वा करायला लावतो: रात्री कुठे झोपला होता, अर्धा मिनिट वर पाहा, एका दमात आकडे मोजा. याला एक मिनिटही लागत नाही. ज्याला आकडे येत नाहीत त्याला आम्ही विठ्ठलाचे नाव घ्यायला सांगतो आणि किती वेळा घेतले ते मोजतो.

सुरुवातीला रांगेतले लोक चिडले. “आम्ही आधी आलोय” हे वाक्य रोज ऐकावे लागले, आणि केसपेपरच्या कर्मचाऱ्याने ते सगळे झेलले. त्याचे मला कौतुक आहे. काही वेळा उगाच धावपळही झाली. एका आजोबांची पापणी तरुणपणापासूनच झुकलेली होती आणि आम्ही त्यांच्यासाठी व्हायल फ्रिजमधून बाहेर काढून ठेवल्या होत्या. अशी दहा माणसे विनाकारण आत घ्यावी लागली तरी मला त्याची खंत वाटणार नाही.

जे साधलेले नाही तेही नोंदवतो. वापरलेल्या पट्ट्या मी टाकून देऊ दिल्या नाहीत. महिन्याच्या शेवटी त्या काढून पाहतो. दिवसा लावलेल्या बहुतेक पट्ट्यांवर दुसरी वेळ असते. ज्या रात्री प्रसूती चालू होती, त्या रात्रींच्या पिवळ्या पट्ट्यांवर बहुधा एकच वेळ लिहिलेली असते, कारण दुसरी वेळ लिहायला तिथे कोणी नव्हते. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती कॅज्युअल्टीत आणखी एक सिस्टर द्यावी, असा लेखी प्रस्ताव मी या पट्ट्यांच्या नोंदींसह वर पाठवला आहे. मावशींना मी बाकावरच्या माणसांकडे लक्ष ठेवायला सांगितले आहे, आणि त्या ते मनापासून करतात, पण ते त्यांचे काम नाही आणि त्याचा पगारही त्यांना मिळत नाही.